डिझेल नको, रॉकेल नको: मोटारसायकलचे ब्रेक घरच्या घरी साफ करताना

आमच्याकडं बेळगावात गाडी धुवायला सोडली की पाणी मारून झाल्यावर पोरगं विचारतं, "डिझेल मारू काय ओ?" आपण म्हणतो, "मार की." फवारा इंजिनावर, चासीवर, चेनवर सगळीकडं बसतो आणि गाडी नव्यासारखी काळीभोर चमकायला लागते. चार वर्षांपूर्वी मी पण असंच "मार की" म्हटलं आणि तसाच जांबोटीच्या रस्त्याला लागलो. एका वळणावर म्हैस आडवी आली. पुढचा ब्रेक दाबला तर लिव्हर हाताला घट्ट लागतोय, खरं गाडी आपली चाललीच आहे. मागच्या ब्रेकवर उभा राहिलो तेव्हा कुठं म्हशीपासून वीतभर अलीकडं थांबलो. उतरून डिस्कला (चाकाबरोबर फिरणाऱ्या धातूच्या तबकडीला) बोट लावलं तर बोट तेलकट आणि वास डिझेलचा.

धुणाऱ्या पोराची चूक होतीच, पण "मार की" मी म्हटलं होतं. तेव्हापासून गाडी धुवायला देताना डिस्क आणि कॅलिपरला (डिस्कला दोन्हीकडून चिमटीत धरणारा भाग) प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधून देतो आणि ब्रेकचं काम स्वतः करतो. उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, दिवसभर लेथवर (धातू फिरवून कातायच्या मशीनवर) उभा असतो, त्यामुळं मापाची थोडी सवय आहे एवढंच. बाकीचं गॅरेजवाल्या मामांकडून ओरडून घेत शिकलो. पहिल्यांदाच पाना हातात घेणाऱ्यांसाठी हे लिहिलंय. ब्रेक साफ करण्यात घासणं कमी असतं. कुठला भाग घासून वाचतो आणि कुठला कितीही घासला तरी फेकायचाच, हे ओळखण्यात खरं काम असतं. घासायची हौस असलेला माणूस नेमका इथंच फसतो.

आधी डाग कसला ते बघा

पांढरं सुती फडकं घ्या आणि डागावर एकदाच फिरवा. फडक्यावर काय येतं त्यावरून पुढचं ठरतं.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडून आलेल्या गाडीच्या फडक्यावर तांबडं येतं. ही जांभ्याची माती. दिसायला निरुपद्रवी, पण तिच्यातली कचकच पॅड (डिस्कवर घासून चाक थांबवणारा तुकडा) आणि डिस्कच्या मधे बसली की डिस्कवर गोल रेघोट्या मारते. कोरड्या फडक्यानं ती कधीच घासू नका, भरपूर पाण्यानं वाहू द्या. बैलहोंगल, सौंदत्ती, अथणीकडची काळी माती वेगळी. ती कचकचत नाही, चिकटते. वाळली की सिमेंटासारखी बसते, कॅलिपरच्या पिनांवरच्या रबरी टोप्यांत आणि ड्रमच्या (डिस्कऐवजी असलेल्या बंद गोल डब्यासारख्या ब्रेकच्या) प्लेटीच्या कडेला. तिला ओलं फडकं गुंडाळून अर्धा तास भिजत ठेवायचं, मग जुन्या टूथब्रशनं काढायचं. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडलं तर मातीबरोबर रबर पण फाटतं.

करडी किंवा काळी बारीक पूड आली तर ती पॅडची झीज आहे, त्यात बिघाड काही नाही. नारिंगी पातळ थर आला तर वरवरचा गंज. पावसाळ्यात रात्रभर गाडी बाहेर राहिली की ड्रमच्या आत तो येतोच आणि सकाळी दोन-तीनदा ब्रेक मारला की जातो. पण नख फिरवल्यावर खड्डे लागत असतील तर तो गंज आत शिरलाय. अॅल्युमिनियमच्या भागांवर पांढरी भुकटी दिसते, तो अॅल्युमिनियमचा गंज. रंग फुगून पापुद्रे सुटले असतील तर तिथं ब्रेक ऑइल सांडलंय. डिस्कवर निळे-जांभळे पट्टे असतील तर डिस्क खूप तापली होती. चोर्ला घाट उतरताना इंजिनाचा ब्रेक (खालच्या गिअरनं वेग धरणं) न वापरता खाली केरीपर्यंत पाय आणि हात ब्रेकवरच ठेवणाऱ्यांच्या डिस्कवर हे पट्टे हमखास सापडतात. तो रंग घासून जातो, तापल्यानं वाकलेली डिस्क मात्र सरळ होत नाही.

आणि फडकं तेलकट झालं तर हातातलं काम थांबवा, तेल आलं कुठून ते आधी हुडका. पुढच्या फॉर्कचं (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांचं) ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारं रबर, गळत असेल तर तेल नळीवरून ओघळत थेट कॅलिपरवर येतं. मागं डिस्क असेल तर चेनला मारलेला स्प्रे उडतो. मागं ड्रम असेल तर कुणीतरी कॅमला (ड्रमच्या आतले घासणारे भाग बाहेर ढकलणाऱ्या दांड्याला) हात सैल सोडून ग्रीस फासलेलं असतं. गळती तशीच ठेवून पॅड बदलले तर महिन्याभरात नवे पॅडही तेल पितात.

सामान आणि दोन सवयी

फार काही लागत नाही. गाडीच्या नटांना बसणारे रिंग पाने, एलन कीचा संच, ८ नंबरचा पाना (ब्रेक ऑइलातली हवा सोडायच्या निपलांना बहुतेक हाच लागतो), हातभर पारदर्शक प्लास्टिकची नळी, दोन जुने टूथब्रश, हिरवा स्कॉचब्राइट, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, १००० चा वॉटर पेपर, भांडी घासायचा लिक्विड साबण, ब्रेक क्लीनरचा डबा. ब्रेक क्लीनर मिळाला नाही तर केमिकलच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. कोरोनाच्या वेळचा उरलेला सॅनिटायझर चालेल का, असं मला दोघा-तिघांनी विचारलंय. चालणार नाही. त्यात हात मऊ राहावेत म्हणून ग्लिसरीन घातलेलं असतं आणि ते डिस्कवर थर धरून बसतं. सिलिकॉन ग्रीसची एक छोटी ट्यूब घ्या. एक उदबत्तीची काडी पण जवळ ठेवा, ती कशाला ते पुढं येईलच.

वर्णियर (बारीक माप घ्यायचं साधन) असेल तर उत्तम. नसेल तर उद्यमबागेत काम करणारा कुणी ना कुणी बेळगावात प्रत्येकाच्या ओळखीचा असतो, त्याला रविवारी चहाला बोलवा.

पहिली सवय म्हणजे ब्रेकची पूड फुंकायची नाही. कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात मारायची नाही. जुन्या लायनरमध्ये (ड्रमच्या आत घासणाऱ्या भागांत) अॅस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून गेलं तर घातक असं खनिज, असू शकतं, आणि ते आहे की नाही हे बघून कळत नाही. साबणाच्या पाण्यानं पूड ओली करा, फडक्यानं पुसा, ते फडकं पिशवीत बांधून टाकून द्या. तोंडाला मास्क असू दे.

दुसरी सवय, ब्रेकच्या रबराजवळ पेट्रोल, डिझेल, रॉकेल, साधं ग्रीस यातलं काहीच आणायचं नाही. "इतकी वर्षं रॉकेलनंच धुवालोय की," असं म्हणणारा मेस्त्री तुम्हाला प्रत्येक गल्लीत भेटेल. ब्रेकची रबरं ग्लायकोलच्या ब्रेक ऑइलात टिकतील अशी बनवलेली असतात, खनिज तेल लागलं की ती फुगतात. फुगलेलं सील पिस्टनला (कॅलिपरमधल्या पॅड ढकलणाऱ्या दट्ट्याला) मागं येऊ देत नाही, मग ब्रेक चिकटून राहतो, डिस्क तापते आणि मायलेज का पडलं म्हणून आपण कार्ब्युरेटर खोलत बसतो. गंज सोडवायचे आणि वंगणाचे जे फवारे मिळतात, तेही डिस्कपासून लांबच ठेवा.

ब्रेक क्लीनरबद्दल एक गोष्ट बजावून सांगतो. काही क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावण असतं. ते ओलं असताना जवळ वेल्डिंग केलं किंवा ज्योत धरली तर फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो. क्लोरीन नसलेला क्लीनर असेल तर तो पेट्रोलसारखा पेट घेतो. म्हणजे दोन्हीकडून आगकाडी लांब. ज्यांच्या अंगणात गाडीचं आणि वेल्डिंगचं काम शेजारी शेजारी चालतं त्यांनी हे लक्षात ठेवावं.

डिस्क ब्रेक: कॅलिपर सोडवणं

गाडी डबल स्टँडवर, सपाट जागी. कॅलिपर जागेवर घट्ट असतानाच पॅडची पिन थोडी सैल करून ठेवा. कॅलिपर हातात आल्यावर ती फिरवायला गेलात तर तो नुसता गरगरतो. मग फॉर्कला धरणारे दोन बोल्ट काढा आणि कॅलिपर अलगद डिस्कवरून सरकवा. तो ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत सोडू नका, सुतळीनं हँडलला बांधा. यापुढं डिस्क मधे नसताना लिव्हर कुणी दाबायचा नाही. घरात लहान पोरं असतील तर त्यांना आधीच सांगा, कारण उभ्या गाडीचा लिव्हर दाबल्याशिवाय त्यांना राहवत नाही.

पिन काढली की पॅड निघतात. कुठला आतला, कुठला बाहेरचा, पत्र्याची क्लिप कशी बसली होती, याचा मोबाइलवर फोटो काढा. मी आजही काढतो.

आता पॅडकडं बघा. घासणाऱ्या थरात खाच असते, ती संपत आली म्हणजे पॅड संपला. थर दीड-दोन मिलिमीटर उरला की मी बदलतो, पूर्ण संपायची वाट बघत नाही. पॅड आरशासारखा चकाकत असेल पण कोरडा असेल तर तो वाचतो. काचेवर किंवा सपाट फरशीवर १२० चा पॉलिश पेपर उलगडून ठेवा, त्यावर पॅड आठच्या आकड्यात हलक्या हातानं फिरवा, चकाकी जाऊन मंद करडा रंग आला की थांबा. पेपर आणि पॅड दोन्ही थोडे ओले करून घ्या म्हणजे पूड उडत नाही. तेल प्यालेला पॅड मात्र वाचत नाही. गॅसवर भाजून तेल जाळायची युक्ती लोक सांगतात. वरचं तेल जळतं, आतलं राहतं, आणि घाटात पॅड पुन्हा तापला की तेच वर येतं. पॅडच्या जोडीला दोन-चारशे रुपये पडतात. माझ्या त्या डिझेलच्या दिवशीचे पॅड मी पण भाजून बघितले होते. चार दिवसांनी नवे आणले.

डिस्क सगळ्यात सोपी. आधी साबणाचं पाणी, मग स्वच्छ पाणी, वाळल्यावर ब्रेक क्लीनर मारून पांढऱ्या फडक्यानं पुसायचं. फडकं पांढरं राहीपर्यंत पुन्हा पुन्हा, दर वेळी फडक्याची नवी बाजू. गंजाचे ठिपके किंवा जुन्या पॅडचा थर असेल तर स्कॉचब्राइट नाहीतर २२० चा पेपर. गोल गोल फिरवू नका, आडवे-तिडवे छोटे हात मारा. डिस्कवरची भोकं उदबत्तीच्या काडीनं मोकळी करा. शेवटी पुन्हा क्लीनर, आणि त्यानंतर डिस्कला बोट लावायचं नाही. आपल्या बोटाला पण तेल असतं.

डिस्कच्या मधल्या भागावर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. रोजच्या वापरातल्या पुष्कळ गाड्यांवर तो ३.५ मिलिमीटरच्या आसपास सापडतो. तुमच्या डिस्कवर जो असेल तो खरा. वर्णियरनं मोजताना कडेला मोजू नका. पॅड कडेपर्यंत पोचत नाही म्हणून तिथं न झिजलेली धार उरते आणि माप जास्त दिसतं. मधल्या घासलेल्या पट्ट्यावर तीन-चार ठिकाणी मोजा. आकड्याखाली गेली असेल तर डिस्क बदला.

लेथवाला म्हणून सांगतो. दर पावसाळ्यानंतर कुणीतरी रेघोट्या पडलेली डिस्क घेऊन येतो आणि म्हणतो, "जरा फेस मारून दे की." म्हणजे वरचा थर कातून सपाट करून दे. मी मारत नाही. मोटारसायकलची डिस्क पातळ असते. चकमध्ये धरली की थरथरते, टूल ओरडतं, आणि रेघोट्या जाईपर्यंत जाडी कोरलेल्या आकड्याखाली गेलेली असते. नखाला जेमतेम जाणवणाऱ्या रेघा चालतात, नवा पॅड त्यांच्यात बसून जातो. नख अडकत असेल तर नवी डिस्क.

एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर चाकावर डिस्कच्या आत एक खाचांची चकती आणि तिच्याजवळ सेन्सर असतो. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या मोटारसायकलींना एबीएस आणि त्याखालच्यांना किमान सीबीएस (पुढचा-मागचा ब्रेक एकत्र लागणारी जोडणी) सक्तीचं झालं, त्यामुळं त्यानंतरची गाडी असेल तर हे बघाच. त्या चकतीवर हातोडी नको, सेन्सरला ओढाताण नको. खाचांत अडकलेली माती टूथब्रशनं काढायची, एवढंच.

पिस्टन आणि पिना

नव्या माणसाची चूक बहुतेक इथंच होते. नवे जाडे पॅड बसावेत म्हणून तो बाहेर आलेला पिस्टन तसाच आत ढकलतो. पिस्टनच्या बाहेर आलेल्या भागावर वर्षभराची माती आणि पूड बसलेली असते. ती सगळी सीलखाली जाते, सील कापतं, आणि पुढच्या महिन्यात कॅलिपर गळायला लागतो.

म्हणून आधी साबणाच्या पाण्यानं आणि टूथब्रशनं पिस्टन सगळीकडून घासा. मागची बाजू दिसत नाही, तिथं लांब चिंधी बुटाला पॉलिश करतात तशी मागून फिरवा. पिस्टन आणखी थोडा बाहेर हवा असेल तर समोर लाकडाची जाड चिपटी धरून लिव्हर अगदी हळू एक-दोनदा दाबा. दोन पिस्टन असतील तर एकाला चिपटीनं अडवून दुसरा, मग पहिला. स्वच्छ झाल्यावर हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडा, टाकीभोवती ओलं फडकं गुंडाळा, आणि दोन्ही अंगठ्यांनी पिस्टन सरळ आत ढकला. आत जाताना टाकीतलं ऑइल वर चढतं. आधीच काठोकाठ भरलेली असेल तर सांडेल, आणि ब्रेक ऑइल पेट्रोलच्या टाकीचा रंग उचलतं. सांडलंच तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता. ते पाण्यात मिसळतं.

टाकीच्या झाकणाचे स्क्रू मऊ असतात. चुकीचा स्क्रू ड्रायव्हर लावून फिरवलात तर खाच उडते. बरोबर बसणारा घ्या, वरून हातोडीनं हलका ठोका द्या, मग दाबून फिरवा.

अंगठ्यानं पिस्टन हलत नसेल तर तो जाम आहे. मग पिस्टन पूर्ण काढून सील बदलायची वेळ आली. पहिल्यांदा हे काम जाणत्या मेस्त्रीच्या शेजारी बसूनच करा. हवेनं पिस्टन काढताना तो गोळीसारखा सुटतो, समोर बोट असेल तर बोट जायचं. पिस्टन बाहेर आल्यावर त्याचा गुळगुळीत भाग नखानं तपासा. नुसता डाग असेल तर १००० चा वॉटर पेपर ब्रेक ऑइलात भिजवून हलकेच फिरवा. खड्डा असेल किंवा वरचा मुलामा उडाला असेल तर तो पिस्टन गेला. सील काढायला उदबत्तीची काडी आणली ती इथं. बांबूची काडी खाचेला ओरखडा पाडत नाही, खिळा पाडतो. सीलच्या खाचेत पांढरी कडक भुकटी बसलेली असते, ती याच काडीनं सगळी निघाली पाहिजे. पिस्टन जाम होण्याचं मूळ बहुतेक वेळा तिथंच असतं. जुनं सील परत घालायचं नाही. नवं सील ताज्या ब्रेक ऑइलात बुडवून बसवायचं.

पिनांकडं कुणी बघत नाही. डिस्कच्या एकाच बाजूला पिस्टन असलेला कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो, त्या काळ्या मातीनं जाम झाल्या की एकच पॅड झिजतो. एक पॅड संपलेला आणि दुसरा नवा दिसला की समजा पिना अडकल्यात. बाहेर ओढा, जुनं काळं ग्रीस पुसा, गंज स्कॉचब्राइटनं काढा, सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर लावा, रबरी टोपी खाचेत नीट बसवा. टोपी फाटली असेल तर बदला, नाहीतर पुढच्या पावसात तेच काम परत.

कॅलिपरचा रंग उडाला असेल आणि दिसायला बरा हवा असेल तर आधी सगळं तेल काढून, पिस्टन, पॅड सरकतात त्या जागा आणि बोल्टाची बैठक चिकटपट्टीनं झाकून, मगच कॅलिपरसाठीचा उष्णता सोसणारा रंग मारा. अॅल्युमिनियमच्या भागाला चिंच, लिंबू, संडास साफ करायचं अॅसिड यातलं काही लावू नका. आजीची पितळी भांडी चिंचेनं उजळायची, अॅल्युमिनियम काळवंडतं.

ड्रम ब्रेक

गावाकडच्या निम्म्याहून अधिक गाड्यांना मागं ड्रमच असतो, पुष्कळांना पुढं पण. काम सोपं आहे, फक्त चाक काढावं लागतं. मागच्या रॉडचा नट सोडा, टॉर्क आर्मची (ब्रेकची प्लेट फिरू न देणाऱ्या पट्टीची) स्प्लिट पिन आणि नट काढा, मग आक्सल (चाकाचा आस). बुश कुठल्या बाजूचा कुठं होता त्याचा फोटो घ्या. चाक बाहेर आलं की ब्रेकची प्लेट ड्रममधून सरळ ओढून निघते. निघत नसेल तर ड्रमच्या कडेला झिजेची धार चढलेली आहे. रॉड जोडतो तो आर्म मोकळा सोडून प्लेट हलवत काढा.

लायनर हे दोन अर्धचंद्र. दोन्ही हातांत धरून पुस्तक मिटतो तसे मधे दुमडत वर उचला, स्प्रिंगांचा ताण जातो आणि ते सुटतात. स्क्रू ड्रायव्हरनं स्प्रिंग उचकटलात तर ती डोळ्याकडं येते. लायनर चकाकत असेल तर १२० च्या पेपरनं चकाकी मोडा. तेल लागलं असेल, तडा असेल, किंवा लायनिंग लोखंडापासून सुटायला लागलं असेल तर जोडी बदला. स्प्रिंग गंजली असेल तर तीही बदला, अॅसिडात टाकून उजळू नका. अॅसिडानं कडक पोलाद ठिसूळ होतं आणि स्प्रिंग ऐन वेळी तुटते.

ब्रेक मारल्यावर पेडल वर यायला आळस करत असेल तर दोष कॅममध्ये असतो. आर्म काढायच्या आधी कॅमच्या टोकाचा ठिपका आणि आर्मवरची खूण जुळताहेत का बघा. दिसत नसेल तर स्वतः एक रेघ ओढा. कॅम बाहेर काढून गंज पेपरनं घासा, त्याचं भोक चिंधीनं पुसा. इथं रबर नाही म्हणून उष्णता सोसणारं साधं ग्रीस चालतं, पण बोटाच्या टोकावर मावेल इतकंच. जास्तीचं ग्रीस तापलं की वितळून लायनरवर जातं. कॅमच्या बाहेरच्या बाजूला लोकरीची चकती असेल तर तिला दोन थेंब ऑइल द्या.

ड्रमचा आतला भाग आधी साबणाच्या ओल्या फडक्यानं पुसा, गंज असेल तर १२० चा पेपर आडवा फिरवा, शेवटी क्लीनर. पाण्याचा जोराचा फवारा नको, मधे चाकाचं बेअरिंग आहे. ड्रमवर जास्तीत जास्त व्यासाचा आकडा ओतलेला असतो. १३० मिलिमीटरच्या ड्रमवर बहुधा १३१ दिसेल. वर्णियरच्या आतल्या जबड्यांनी दोन-तीन दिशांनी मोजा. ड्रम मात्र लेथवर घेता येतो, कारण तो भक्कम असतो. अंडाकार झाला असेल आणि आकड्याच्या आत जागा असेल तर अगदी हलका कट मारून गोल करता येतो. चाक बेअरिंगच्या बैठकीवरून सेंटर करणारा टर्नर बघा. टायरच्या रिमवरून अंदाजानं धरणाऱ्याकडं देऊ नका.

पुरात बुडालेली गाडी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेचं पाणी चिकोडी, निपाणी, अथणीकडच्या गावांत शिरलं, तेव्हा बुडालेल्या गाड्या महिनाभर गॅरेजांतून येत होत्या. लोकांनी इंजिनाचं ऑइल बदललं, गाडी चालू झाली म्हणून खूश झाले आणि ब्रेक तसाच ठेवला. पुराच्या पाण्यात बारीक गाळ असतो. ड्रममध्ये तो थराथरानं बसतो, आणि टाकीच्या झाकणातल्या बारीक वाटेनं पाणी ब्रेक ऑइलातही पोचू शकतं.

अशी गाडी ढकलायची पण नाही. चाकं काढून ड्रम, प्लेट, कॅलिपर सगळं गोड्या पाण्यानं वाहतं धुवा, गाळ सुटेपर्यंत. लायनर गाळात भिजून फुगलेले असतात, ते टाकूनच द्या. ब्रेक ऑइल रंग न बघता बदला. चाकाचं बेअरिंग बोटानं फिरवून बघा, खरखर आली तर तेही बदला. पाणी ओसरल्यावर दोन दिवसांत हे केलं तर बरेचसे भाग वाचतात. पंधरा दिवस अंगणात उभी राहिलेली गाडी आली की कॅलिपरचा पिस्टन आणि ड्रमचा कॅम बहुतेक वेळा जागेवरच धरलेला असतो.

ऑइल आणि एअर

टाकीच्या झाकणावर कुठलं ऑइल ते लिहिलेलं असतं, आपल्या गाड्यांवर बहुतेक डॉट ३ किंवा डॉट ४. तेच घ्या, सीलबंद छोटी बाटली. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश असतो, पाणी मुरलं की १५५ पर्यंत उतरतो. मग घाटात ते उकळतं, पाइपात वाफ होते आणि लिव्हर मुठीपर्यंत येतो. दर दोन वर्षांनी बदला. मागच्या वर्षीची अर्धी बाटली कितीही घट्ट झाकलेली असली तरी वापरू नका. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं ऑइल, नावाचा आकडा मोठा म्हणून ते चांगलं असं समजून ओतू नका.

एअर (ऑइलात अडकलेली हवा) काढायला निपलवर आधी रिंग पाना अडकवा, मग पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीत थोड्या ऑइलात बुडवलेलं. एकानं लिव्हर दाबून धरायचा, दुसऱ्यानं निपल पाव वळसा उघडायचा, लिव्हर खाली गेला की निपल बंद, मगच लिव्हर सोडायचा. हा क्रम चुकला तर हवा उलटी आत जाते. बुडबुडे थांबेपर्यंत चालू ठेवा, आणि टाकी मधे रिकामी होऊ देऊ नका. निपल पोकळ असतो, ताकदीनं आवळला तर मोडतो. ज्या गाडीच्या एबीएस युनिटात हवा शिरलीय तिची घरी निघत नाही, शोरूमला न्या.

जोडल्यानंतर

गाडीवर बसायच्या आधी लिव्हर आणि पेडल पंप करा, घट्ट लागेपर्यंत. पिस्टन आत ढकललेला असतो, त्यामुळं पहिल्या दाबाला ब्रेक नसतोच. हे विसरून गाडी चालू करून गेटबाहेर काढणारा माणूस समोरच्या भिंतीवर थांबतो. मागच्या पेडलचा मोकळा खेळ साधारण २० ते ३० मिलिमीटर ठेवा, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. सीबीएसच्या गाडीत मागच्या पेडलला पुढचा ब्रेकही जोडलेला असतो, तिथं पुस्तिकेतला क्रमच पाळा. बोल्ट किती आवळायचे तेही त्यातच. स्प्लिट पिन नवी घालून दोन्ही टोकं वळवा.

नवे पॅड किंवा लायनर पहिल्या दिवशी पूर्ण धरत नाहीत. रहदारी नसलेल्या सपाट रस्त्यावर चाळीसच्या वेगानं जाऊन हळूहळू दहापर्यंत आणा, असं पंधरा-वीस वेळा, मधे गार व्हायला वेळ देत. सुरुवातीचे शे-दीडशे किलोमीटर घाटाकडं जाऊ नका आणि मागं कुणाला बसवू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवायच्या आधी, टॉर्च घेऊन कॅलिपरखाली बघा. पाइप जिथं बोल्टानं जोडलेला असतो तिथं ओलावा दिसला तर बोल्ट आणखी आवळू नका. त्याखालचे दोन्ही वॉशर नवे घाला आणि एअर परत काढा.